कणकेचा उंदीर

अंबरनाथमध्ये मुलाला मातीत खेळू द्यायचं म्हटलं, तर आधी ‘कुठल्या मातीत?’ असं विचारावं लागतं. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलं इथलं शिलाहारकालीन शिवमंदिर वालधुनीच्या काठी उभं आहे. मंदिर पाहायला लांबून माणसं येतात. नदीच्या पात्राकडे मात्र कुणी पोराचं बोट सोडत नाही. अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या कारखान्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं या पात्रात येत राहिलं, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं, आणि २०१४ मध्ये तर नदीत सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरातल्या शेकडो रहिवाशांना दवाखाना गाठायला लावला. काठावरची चिकणमाती उकरून आणावी आणि मुलांपुढे टाकावी, असे हे दिवस नाहीत.

नदी सोडली तर उरतं सोसायटीचं आवार. तिथे पेव्हर ब्लॉक. दिवाळीचा किल्ला करायचा तर माती गोणीने विकत आणायची आणि सण संपला की गोणीतच भरून टाकायची. अंबरनाथ मुंबईच्या सीएसएमटी स्थानकापासून ६० किलोमीटरवर, बदलापूर ६८ वर. परवडणारं घर शोधत इथवर आलेल्या आईबापांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो आणि मूल आजीकडे, पाळणाघरात नाहीतर बालवाडीत वाढतं. जूनमध्ये शाळेची यादी येते, तिच्यात वह्या, रंगपेटी, डिंकाची बाटली यांच्या खाली ‘क्ले, एक पाकीट’ असं लिहिलेलं असतं. ते पाकीट दुकानातून येतं. महिनाभरात त्यातले सगळे रंग एकमेकांत मिसळून त्यांचा एक करडा-तपकिरी गोळा होतो आणि तो कपाटाखाली जाऊन बसतो.

मजा अशी की त्याच घरात खेळण्याचा गोळा रोज तयार होत असतो. पोळ्यांची कणीक मळली की परातीच्या कडेला बसलेल्या पोराच्या हातात लिंबाएवढा गोळा द्यायचा, ही मराठी घरातली जुनी तडजोड आहे. आईला वीस मिनिटं निवांत मिळतात, पोराला काम मिळतं. त्या गोळ्याची आधी गोळीच होते, मग साप, मग चिमणी. उंदीर तर सगळ्यात सोपा. एका टोकाला चिमटा काढला की तोंड, दुसऱ्या टोकाला वळी ओढली की शेपूट, डोळ्यांना दोन मोहऱ्या. तो तव्याच्या कडेला भाजून मागायचा आणि अर्धा कच्चा असतानाच खायचा.

रोजच्या कणकेला सणांनी निरनिराळी रूपं दिली. आषाढ अमावस्येला दिव्यांची अवस. घरातले पितळी दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात आणि गूळ घालून मळलेल्या कणकेचे दिवे उकडतात. वाटीसारखा आकार, वात टेकायला चोच, बाजूला अंगठ्याचा ठसा. चार वर्षांच्या बोटांना जमेल एवढंच ते कौशल्य आहे आणि बिघडलेला दिवा तुपाबरोबर खाता येतो. श्रावण अमावस्येला पिठोरी. ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी घरांत हे व्रत आजही मोठं. पिठाच्या चौसष्ट योगिनी करून त्यांची पूजा करायची, म्हणून ही पिठोरी, आणि पूजा मुलांच्या आयुष्यासाठी. आई खीरपुरीचं ताट डोक्यावर धरून मागे न बघता ‘अतीत कोण?’ विचारते आणि मूल पुढे होऊन आपलं नाव सांगतं. त्याच दिवशी घाटावर पोळा असतो, तिथे मातीचे बैल होतात.

मग गणपती. तांदळाच्या उकडीचा मोदक हे कोकणपट्टीतल्या बायकांचं खरं हस्तकौशल्य. कळ्या पाडताना पारी फाटते, उकड चिरते, पाण्याचा हात लावावा लागतो. मोदकांबरोबर एखादी करंजी करायची रीत कित्येक घरांत आहे. उकड उरली की मुलांच्या वाट्याला उंदीर आलाच. दिवाळीत शंकरपाळ्यांचं घट्ट पीठ, करंजीची कातण, चकलीचा सोऱ्या. उन्हाळ्यात वाळवणं, म्हणजे पापडाच्या लाट्या, ज्या लाटण्याआधी निम्म्या पळवल्या जातात. उल्हासनगरचं पंचांग थोडं वेगळं आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला १९४९ मध्ये हे नाव मिळालं. तिथे चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, झुलेलालच्या बहराणा साहिबचं ताट सजतं, त्यातली ज्योतही गव्हाच्या पिठाच्या दिव्यात लावतात. अंबरनाथची पूर्व बाजू असो की उल्हासनगरचा पाच नंबरचा कॅम्प, पीठ मळून त्याचा दिवा करणारे हात दोन्हीकडे आहेत.

हे सगळं सांगायचं कारण, ‘घरी प्ले-डो करा’ असा सल्ला आता परदेशातून आलेल्या नव्या कल्पनेसारखा मिळू लागला आहे. प्ले-डोचा खरा जन्म पाहिला तर तोही घरातल्या साफसफाईतूनच झालेला आहे. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातली कुटोल ही कंपनी १९३० च्या दशकात भिंतीवरचा कागद पुसायचा एक लगदा विकत असे. पीठ, पाणी, मीठ असलं काही त्यात होतं. घरं उबदार ठेवायला कोळसा जाळत, त्याची काजळी भिंतीवर बसे आणि हा गोळा फिरवला की ती निघे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी गॅस आला, भिंतीचे कागद धुता येण्याजोगे झाले आणि मालाला गिऱ्हाईक उरेना. कंपनी चालवणाऱ्या जो मॅकविकरची नातेवाईक के झुफॉल न्यू जर्सीत बालवाडी चालवत असे. या लगद्यापासून नाताळाच्या सजावटीच्या वस्तू करता येतात, हे तिच्या वाचनात आलं. तिने तो मुलांना दिला, मुलं तासन्‌तास रमली आणि तिने मॅकविकरला कळवलं. १९५६ मध्ये तोच लगदा ‘प्ले-डो’ नावाने खेळण्यांच्या दुकानात आला. सुरुवातीला त्याचा एकच पांढुरका रंग होता. लाल, निळा, पिवळा पुढच्या वर्षी आले. १९६० मध्ये त्याचं दाबयंत्र निघालं. एका बाजूने पीठ भरायचं, दांडा दाबायचा, जाळीतून वळ्या बाहेर. मराठी घरात त्याला सोऱ्या म्हणतात आणि तो बहुधा आजीच्या लग्नातला असतो.

शाळेच्या यादीतला ‘क्ले’ हा कणीक आणि प्ले-डो या दोघांहून निराळा. तो तेलकट असतो, कधी वाळत नाही. त्याचा मूळ पुरुष म्हणजे प्लॅस्टिसिन, इंग्लंडमधल्या बाथ गावचा कलाशिक्षक विल्यम हारबट याने १८९७ मध्ये तयार केलेला. त्याला आपल्या शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांसाठी न सुकणारी माती हवी होती. तीन वर्षांच्या मुलाला हा क्ले कडक जातो. थंडीत तर मोठ्यांनाही आधी तळहातावर चोळून मऊ करावा लागतो. दुकानातून घ्यायचाच असेल तर पाकिटावर आयएसआय चिन्ह बघावं. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. सुट्या पिशवीत, बिननावाचा, सुवासिक आणि झगझगीत रंगाचा क्ले कितीही स्वस्त असला तरी तो ठेवून द्यावा.

घरचा गोळा करायला कढई लागते. एक वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, एक वाटी पाणी, दोन चहाचे चमचे तेल आणि एक चमचा लिंबूसत्त्व. सगळं गार असतानाच एकत्र कालवायचं, गुठळी राहू द्यायची नाही. मंद आचेवर कालथ्याने ढवळत राहायचं. दोन मिनिटं काहीच होत नाही, मग कडेने घट्ट होऊ लागतं आणि एकाएकी सगळं मिश्रण कढई सोडून गोळा होऊन येतं. ताटात काढून कोमट झाल्यावर तेलाच्या हाताने खसखसून मळायचं. आज मीठ-मैद्याचा भाव धरला तरी हा गोळा वीस रुपयांत बसतो.

कढईत घडतं ते उकडीच्या पातेल्यात घडतं तेच. पिठातले स्टार्चचे कण साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसला पाणी पिऊन फुगतात आणि लगदा लवचिक होतो. गव्हात ग्लूटेन असतं, ते ओढलं की ताणतं. तांदळात ते नसतं, म्हणून उकड ताणली की तुटते. पण शिजलेल्या स्टार्चच्या जोरावर तिच्या कळ्या पडतात. ज्या मुलाला गव्हाची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी वेगळा शोध लावायची गरज नाही, मोदकाची उकड आहेच. आकाशकंदिलाला कागद चिकटवायची खळ हीदेखील याच कुळातली, फक्त पाणी जास्त. जुने बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकत. तो विषारी. मुलांच्या हातात जाणाऱ्या कशातही त्याला थारा नको.

कृतींच्या पुस्तकांत न सापडणारी गोष्ट पुढे येते, ती हवेची. बहुतेक कृती कोरड्या, थंड देशांतून आल्या आहेत. त्यात म्हटलेलं असतं, गोळा डब्यात ठेवा, दोन महिने टिकेल. हीच कृती बदलापुरात जुलैमध्ये करून पाहावी. दुसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी पाणी आणि गोळा चिकट. दोष कुणाच्या हाताचा नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात ते याचसाठी. इथे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्या आकड्याच्या वरच असते. गोळ्यात मीठ एक चतुर्थांशाहून जास्त, म्हणजे तो पाणी ओढणारच. वरून पीठ भुरभुरलं तर तासभर निभतं. फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला तर आठवडा जातो. न शिजवलेला, नुसता कालवलेला गोळा मात्र या दिवसांत दोन-तीन दिवसांत आंबतो, त्याला बुरशी धरते. काळे-हिरवे ठिपके दिसले की फेकायचा, वरचा भाग काढून आतला वापरायचा नाही.

सणांची वाटणी नीट पाहिली तर आपल्या आज्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता असं दिसतं. पावसाळ्यातले सगळे पिठाचे आकार त्याच दिवशी खाऊन संपतात. दिव्यांच्या अवसेचा दिवा आणि गणपतीतली उकड दोन्ही बिनमिठाची किंवा चिमूटभर मिठाची, साठवणीचा प्रश्नच नाही. टिकाऊ काम सुरू होतं ते ऑक्टोबरच्या उन्हात. म्हणजे अंबरनाथच्या घराला साधं वेळापत्रक असं पडतं, की आषाढ ते भाद्रपद उकड, कणीक आणि शाळेतल्या कार्यशाळेतली शाडू. दसरा सरला की मिठाचा गोळा. दिवाळीत त्याची तोरणाची पानं, पणतीच्या आकाराचे खेळ, किल्ल्यावरचे मावळे करून गच्चीत वाळवले तर दोन-तीन दिवसांत खडखडीत होतात आणि रंगवता येतात. खरी वात मात्र मातीच्या पणतीतच लावावी. मिठाच्या गोळ्याची पणती तेल पिते आणि तिचा भरवसा नाही.

मिठाबद्दल आणखी एक सांगायला हवं आणि ते ठणकावून. घरचा म्हणजे निर्धोक, असा समज या गोळ्याबद्दल पसरलेला आहे, तो चुकीचा आहे. वरच्या प्रमाणाने केलेल्या दहा ग्रॅम गोळ्यात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. लिंबाएवढ्या, चाळीस ग्रॅमच्या गोळ्यात अकरा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. शरीराच्या दर किलो वजनामागे अर्धा ते एक ग्रॅम मीठ एकदम पोटात गेलं तर ते जिवावर बेतू शकतं. बारा किलोच्या दोन वर्षांच्या मुलाला हा हिशेब सहा ते बारा ग्रॅमवर येतो. चव इतकी खारट की बहुतेक मुलं पहिल्याच घासाला थुंकतात, हे खरं. पण कणकेचा उंदीर खायची सवय लागलेल्या मुलाला हा उंदीर वेगळा आहे हे कसं कळणार? म्हणून तीन वर्षांखालच्या मुलाला बिनमिठाची कणीकच द्यावी, खेळून झाली की टाकावी. मोठ्यांना मिठाचा गोळा द्यावा, पण पोळपाटावर नाही, वेगळ्या पाटावर, आणि पोळ्यांच्या वेळेला नाही. मुलाने मोठा तुकडा गिळला, उलट्या झाल्या, ते मरगळलं तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठावा. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही गोळा दूर ठेवावा; कुत्र्याला चव रोखत नाही.

रंगांचा भाग आनंदाचा आहे आणि त्यात रसायनशास्त्र फुकट मिळतं. हळदीचा पिवळा सर्वांत भरवशाचा. लिंबूसत्त्व नसलेल्या गोळ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा पडला की तो तांबूस होतो. कुंकू करणाऱ्यांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, ते हळदीला चुन्याने लाल करतात. बिटाचा गुलाबी शिजवताना उडतो, म्हणून तो मळताना घालायचा. पालकाचा हिरवा लिंबूसत्त्वात मळकट शेवाळी दिसू लागतो. हिरवा टवटवीत हवा असेल तर त्या गोळ्यात लिंबूसत्त्व टाळायचं आणि तो दोन दिवसांत संपवायचा. गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाकली की गडद निळं पाणी येतं आणि लिंबाचा थेंब पडताच ते जांभळं होतं. कुंपणावरचं गोकर्ण, शेजारणीची परवानगी आणि अर्धं लिंबू एवढ्यावर पाच वर्षांच्या मुलापुढे हा प्रयोग करता येतो. होळीचे रंग, रांगोळीचे रंग, कपडे रंगवायची पूड यांतलं काहीही गोळ्यात घालू नये.

आता शिकण्याकडे. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि जन्माच्या वेळी ती नुसती कूर्चेची असतात. चौथ्या वर्षापर्यंत त्यांतली जेमतेम चार कडक होऊ लागलेली असतात, शेवटचं हाड नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. हाडांवरून लिहिण्याचा मुहूर्त काढता येत नाही, पण त्या वयाचा हात अजून घडतो आहे हे त्यावरून कळतं. अशा हाताला ज्युनियर केजीत चार रेघांच्या वहीत अक्षरं गिरवायला लावतात आणि मूल पेन्सिल मुठीत आवळून धरतं, चिडतं. गोळा दाबणं, वळी ओढणं, चिमटा काढणं, कातणीने कापणं यात तळहात, अंगठा आणि तर्जनी यांची जी मेहनत होते, तीच पुढे पेन्सिलच्या पकडीला कामी येते. वळ्यांचा ‘ळ’ करून पाहिला तर अक्षराचं वळण बोटांना आधी समजतं आणि डोळ्यांना मागाहून.

गणिताचं उदाहरण त्याहून चमत्कारिक आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे याने मुलांच्या विचारांचा शोध घेताना मातीचे दोन सारखे गोळे वापरले. मुलासमोरच त्यातल्या एकाची लांब वळी केली आणि विचारलं, माती कशात जास्त? साधारण सहा-सात वर्षांखालची मुलं ठामपणे वळीकडे बोट दाखवत. समोर घडताना पाहूनही. मोठी मुलं हसत, कारण त्यांच्या मते हा प्रश्नच नव्हता. हा प्रयोग कुठल्याही स्वयंपाकघरात पोळीच्या दोन गोळ्यांवर करता येतो. फक्त उत्तर ऐकून हसायचं नाही आणि दुरुस्तही करायचं नाही. मूल अजून तिथे पोचलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे सगळं परदेशी तज्ज्ञांकडून शिकावं लागतं असंही नाही. अंबरनाथ ज्या जिल्ह्यात आहे त्याच ठाणे जिल्ह्यात, पालघर २०१४ मध्ये वेगळा होण्याआधी, बोर्डी आणि कोसबाड होतं. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर गुजरातेत भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरीबाईंची लाकडी, घासूनपुसून गुळगुळीत केलेली महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत, हे ताराबाईंना स्वच्छ दिसत होतं. मग माती, शंखशिंपले, बिया, काड्या, पानं हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं आणि अनुताई अखेरपर्यंत, १९९२ पर्यंत, ते सांभाळत राहिल्या. ताराबाईंनी रुजवलेली अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेत आली आणि देशभर पोचली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून शिकवायला सांगितला, २०२३ च्या फेब्रुवारीत ‘जादुई पिटारा’ हा खेळसाहित्याचा संच निघाला. चांगलंच झालं. पण पिटाऱ्याची वाट पाहत थांबलेल्या शाळांनी कोसबाडच्या काड्या-बियांकडे एकदा बघायला हरकत नव्हती.

एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. अन्नाशी खेळायचं का? अंबरनाथ तालुक्यातल्या ठाकूर-कातकरी पाड्यांवरच्या अंगणवाडीत, जिथे पीठ हे आधी जेवण आहे, तिथे किलोभर मैदा मिठात कालवून खेळायला देणं कुणालाही बोचेल. तिथे शेताच्या बांधावरची स्वच्छ माती आहे आणि ती पिठाहून सरसही आहे. शहरातल्या घरात डब्याच्या तळाशी राहिलेलं, तारीख उलटलेलं, पोरकिडे पडलेलं पीठ चाळून या कामी यावं. बुरशी धरलेलं किंवा कुबट वासाचं मात्र नको.

आणखी एक जुनी वाटणी मोडायला हवी. कणकेचा गोळा मुलीला मिळे, कारण तिला पुढे पोळ्या करायच्या. किल्ल्याची माती मुलाला मिळे, कारण त्याला मावळे मांडायचे. दोघांचे हात सारखेच, मनगटातली हाडंही सारखीच. करंज्यांच्या पाटाशी मुलगा आणि किल्ल्याच्या चिखलात मुलगी बसली, तर सणाला काही कमी पडत नाही.

कारखान्यांच्या या गावाला साजेसे दोन खेळ सांगण्याजोगे आहेत. फ्रोबेल या जर्मन शिक्षकाच्या किंडरगार्टनमध्ये भिजवलेले वाटाणे आणि काड्या जोडून मुलं घरं, मनोरे करत. वाटाण्यांच्या जागी गोळ्याच्या गोळ्या घेतल्या की सांधे अधिक पक्के बसतात. काड्यांसाठी अंबरनाथने दूर जायला नको. विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना हे कित्येक दशकं इथल्या घरांच्या चुलीचं कारण होतं. गुल नसलेल्या काड्या दुकानांत हस्तकलेसाठी मिळतात, त्याच वापराव्यात. दुसरा खेळ अमेरिकेतल्या ॲन-मरी थॉमस या अभियांत्रिकीच्या प्राध्यापिकेच्या प्रयोगशाळेतून आला. मिठाच्या गोळ्यातून वीज वाहते. मिठाऐवजी साखर आणि साध्या पाण्याऐवजी क्षारविरहित पाणी घालून केलेल्या गोळ्यातून ती जवळजवळ वाहत नाही. मिठाचे दोन गोळे, मधे साखरेच्या गोळ्याची भिंत, नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक छोटा एलईडी दिवा, की कणकेचा कंदील लागतो. एलईडीचे पाय थेट बॅटरीला लावायचे नाहीत, तो जळतो. एकेक पाय मिठाच्या एकेका गोळ्यात खुपसायचा. ऑर्डनन्स फॅक्टरीत किंवा एमआयडीसीत काम केलेले आजोबा घरात असतील तर हा खेळ त्यांच्याकडे सोपवावा. सात वर्षांच्या नातवाला ते भिंत का घातली हे आनंदाने समजावतील आणि बॅटरी काढून घेताना दोघांचं भांडण होईल.

बालवाडीत या गोळ्याचं जे होतं त्याबद्दलही तक्रार आहे. बाई फळ्यावर आंबा काढतात, पंचवीस मुलांनी पंचवीस आंबे करायचे, ज्याचा पिवळा-गोल त्याला स्टार. घरी आई मोबाइल पुढे धरून विचारते, ‘काय केलंस रे?’ पुष्कळदा मुलाने काहीच केलेलं नसतं. ते नुसतं दाबत असतं, बोट खुपसून भोक किती खोल जातं ते बघत असतं. प्रश्न विचारला की ते घाईने ‘हत्ती’ म्हणून मोकळं होतं. साचेही सुरुवातीला देऊ नयेत. साचा हातात आला की एकच ताल सुरू राहतो, भर-दाब-काढ, आणि बोटांचं काम थांबतं. कंगवा, बाटलीचं झाकण, बुटाचा तळ, भेंडीचा कापलेला देठ यांचे ठसे त्यापेक्षा कितीतरी पुढे नेतात.

दिवाळीचा फराळ करताना हे जमवणं फार अवघड नाही. शंकरपाळ्यांचं पीठ मळाल तेव्हा मूठभर बाजूला काढा, ते लहान मुलाला द्या आणि त्याची शंकरपाळी वाकडीतिकडी असली तरी त्याच तेलात तळा. मिठाचा गोळा मोठ्या मुलांसाठी सणाच्या चार दिवस आधी करून ठेवा, म्हणजे मावळे वाळायला ऊन मिळेल. त्याच्या डब्यावर ‘खायचं नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि तो फराळाच्या डब्यांच्या फळीवर ठेवू नका. तुळशीच्या लग्नापर्यंत तो चालतो, त्यानंतर टाकून नवा करा.